बिनपायांचं भूत परदेशी निघतं तेव्हा

किमोनो घालताना डावी बाजू उजवीच्या वर घ्यायची, हे जपानी माणसाला सांगावं लागत नाही. उजवी बाजू वर येईल असा किमोनो फक्त प्रेताला नेसवतात. आपल्याकडे जानवं एरवी सव्य असतं आणि श्राद्धाला अपसव्य होतं, तसाच हा डाव्या-उजव्याचा प्रकार. ज्याला माहीत आहे त्याला एका नजरेत कळतं.

आता पुढची गंमत बघा. १९८० आणि ९०च्या दशकांत जपानी कॉमिक्स, म्हणजे मंगा, इंग्रजीत यायला लागल्या. जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात. आपल्या हिशेबाने ते शेवटच्या पानापासून सुरू होतं. अमेरिकन वाचकाला हे झेपणार नाही असं धरून प्रकाशकांनी एक सोपा मार्ग काढला: प्रत्येक पान आरशात धरल्यासारखं उलटवून छापायचं. झालं. सगळी पात्रं डावखुरी झाली, गाड्या रस्त्याच्या भलत्या बाजूने धावायला लागल्या आणि किमोनोतला प्रत्येक धडधाकट माणूस प्रेताच्या वेषात हिंडायला लागला. प्रेमकथेत हे खपून जातं. भुताच्या गोष्टीत मात्र पंचाईत, कारण तिथे कोण जिवंत आणि कोण मेलेलं हाच तर मुद्दा असतो.

जुन्या जपानी भयकथा मी इंग्रजीतून वाचतो. जपानी मला येत नाही, अधूनमधून शब्दकोश चाळण्यापुरतंच. पण एवढ्या वाचनातून एक गोष्ट पक्की कळली आहे: भयकथेच्या कॉमिकमध्ये भाषांतर करायला सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे फुग्यातले संवाद. खरी भीती संवादात नसतेच. ती पान उलटण्यात असते, चित्रात घुसलेल्या अक्षरांत असते आणि वाचकाला आधीपासून जे ठाऊक आहे त्यात असते. या तीन गोष्टी सीमेपलीकडे न्यायच्या कशा, हा खरा त्रास.

मराठीला परदेशी भयकथा नवीन नाही. नारायण धारपांनी इंग्रजी भयकथांतल्या कल्पना उचलल्या, पण वाडा इथला केला, माणसं इथली केली. ही आपली जुनी, कसलेली रीत: रूपांतर. गद्यात ती छान चालते, कारण खोली कशी दिसते हे लेखकाच्या हातात असतं. चित्रकथेत खोली आधीच काढलेली आहे. तिच्यात ततामीच्या चटया आहेत, सरकती कागदी दारं आहेत. तिचं माजघर करता येत नाही. शब्द बदला, नावं बदला, चित्र तिथेच राहणार आणि ‘हे इथलं नाही’ असं ओरडून सांगणार.

पान उलटण्याचं आधी बघू. काझुओ उमेझु (१९३६–२०२४) हा जपानी भय-मंगाचा मोठा उस्ताद. लाल-पांढऱ्या आडव्या पट्ट्यांचे कपडे घालणारा. पुढे त्याने टोकियोतलं घरही तसंच रंगवलं आणि शेजाऱ्यांनी त्याला कोर्टात खेचलं. कोर्टाने उमेझुच्या बाजूने निकाल दिला. त्याची ‘ह्योर्यू क्योशित्सु’ ही मालिका १९७२ ते १९७४ या काळात मुलांच्या एका साप्ताहिकात आली. इंग्रजीत ती ‘द ड्रिफ्टिंग क्लासरूम’ म्हणून ओळखली जाते. ‘ह्योर्यू’ म्हणजे जहाज फुटल्यावर समुद्रात वाऱ्यावर भरकटणं. गोष्टीत समुद्र नाही, एक प्राथमिक शाळा आहे. सहावीतला शो सकाळी आईशी कडाक्याचं भांडतो, आता घरी येणारच नाही असं म्हणून निघतो, आणि त्या दिवशी अख्खी शाळा जमिनीतून उपटल्यासारखी नाहीशी होते. शाळेच्या फाटकाबाहेर बघावं तर वाळवंट.

असं चित्र उमेझु कुठे ठेवतो? जपानी पुस्तकात डोळा उजव्या पानावरून डाव्या पानावर जातो आणि डाव्या पानाच्या खालच्या कोपऱ्यात थांबतो. तिथे तो एक छोटी चौकट ठेवतो: एक चेहरा, डोळे विस्फारलेले, तोंड उघडं. तो पोरगा काहीतरी बघतोय, आपल्याला ते दिसत नाही. पान उलटायला हात जातो. उलटलं की उजवं पान अख्खं व्यापून ‘ते’ समोर उभं. आजीने गोष्ट सांगताना ‘...आणि मागे वळून बघते तर काय’ म्हणून मुद्दाम विडा चघळत थांबावं, तसा हा कोपरा.

आता समजा परदेशी आवृत्तीत सुरुवातीला प्रस्तावनेचं एकच पान वाढवलं. सगळी पानं एका घराने सरकली. विस्फारलेले डोळे आणि ते ज्याला बघतायत ते भयंकर दृश्य, दोन्ही समोरासमोर आली. पुस्तक उघडताच नजर आधी मोठ्या चित्रावर जाते, म्हणजे उत्तर आधी आणि प्रश्न मागून. एक शब्दही चुकीचा भाषांतरित झालेला नाही, पण भीती गेली. म्हणून अशा पुस्तकाच्या भाषांतरात पानं मोजणारा माणूस भाषांतरकाराइतकाच महत्त्वाचा. फोनवर एकेक पान सरकवत वाचणाऱ्यांचं हे सगळं आधीच हुकतं, पण तो वेगळा विषय.

आरशातल्या छपाईचं पुढे काय झालं? २००२च्या सुमाराला टोकियोपॉप या अमेरिकन प्रकाशकाने ठरवून मूळ दिशेनेच छापायला सुरुवात केली. अस्सलपणाचा डांगोरा पिटला, पण पानं उलटवण्याचा खर्चही वाचला, हे सांगायला कुणी फारसं उत्सुक नसतं. वाचकांना काही अडचण आली नाही. आज इंग्रजी मंगा डावीकडून उघडली तर बऱ्याचदा पहिल्याच पानावर सूचना दिसते: थांबा, तुम्ही चुकीच्या बाजूने वाचताय. माझ्या चौथीतल्या भाच्याला ते पान इतकं आवडलं की पुढचे आठ दिवस तो शाळेची वहीही मागून लिहीत होता.

उमेझुच्या या गोष्टीत मुलं मरतात. बरीच मरतात, आणि चित्रात दिसतील अशी मरतात. जपानमध्ये ही मालिका मुलांच्या साप्ताहिकात, बेसबॉलच्या गोष्टींच्या शेजारी छापून येत होती. इंग्रजीत ती २००६ साली आली ती प्रौढांसाठीच्या मालिकेत, आणि २०१९ मध्ये पुन्हा आली ती जाडजूड पुठ्ठ्याच्या महागड्या आवृत्तीत. म्हणजे भाषांतरात वाचकाचं वयच बदललं. दहा वर्षांच्या पोराने खाऊच्या पैशातून घ्यायची वस्तू चाळिशीतल्या माणसाच्या कपाटात गेली.

याचं कारण अमेरिकेच्या स्वतःच्या इतिहासात आहे. १९५०च्या सुरुवातीला तिथेही मुलं भयकथांची कॉमिक्स चवीने वाचत होती. ईसी कॉमिक्सची ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’ त्यातली सगळ्यात गाजलेली. मग ही कॉमिक्स मुलांना बिघडवतात अशी ओरड सुरू झाली. एप्रिल १९५४ मध्ये सिनेटच्या उपसमितीपुढे सुनावणी झाली, ईसीचे मालक विल्यम गेन्स तिथे जाऊन बोलले आणि बोलण्यात पार अडकले. त्याच वर्षी प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता घालून घेतली. मासिकाच्या नावात ‘हॉरर’ किंवा ‘टेरर’ हे शब्द नकोत, पिशाच नको, चालतं-फिरतं प्रेत नको. भयकॉमिक्सचा धंदा बसला. ब्रिटनने १९५५ मध्ये कायदाच केला. जपानमध्येही पालक आणि शिक्षक नाकं मुरडत होते, पण असा सरसकट बांध तिथे पडला नाही. त्यामुळे मुलांना घाबरवण्याची परंपरा तिकडे अखंड वाहत राहिली, आणि पन्नास वर्षांनी हे साहित्य अमेरिकेत पोचलं तेव्हा ते ठेवायला मुलांचा कप्पाच शिल्लक नव्हता.

आता भुतांकडे येऊ. इथे मी रेंगाळणार आहे.

भुतांच्या मंगा काढणारा शिगेरु मिझुकी (१९२२–२०१५) जपानमधल्या साकाइमिनातो या बंदराच्या गावी वाढला. लहानपणी शेजारची एक म्हातारी त्याला भुताखेतांच्या गोष्टी सांगायची. तिला सगळे ‘नोन्नोनबा’ म्हणत. देवाची पूजा-प्रार्थना करणारी म्हातारी, असा त्याचा अर्थ. पुढे दुसऱ्या महायुद्धात तो पॅसिफिकमधल्या राबाउलला गेला, मलेरियाने पडला आणि बॉम्बहल्ल्यात डावा हात गमावून परतला. उरलेल्या एका हाताने त्याने आयुष्यभर भुतं काढली. म्हातारीच्या आठवणींवरच्या त्याच्या पुस्तकाला २००७ मध्ये फ्रान्समधल्या आंगुलेमच्या कॉमिक्स महोत्सवात सर्वोत्तम पुस्तकाचा मान मिळाला. जपानी पुस्तकाला तो मान पहिल्यांदाच मिळत होता.

मिझुकीचा नायक कितारो. मेलेल्या आईच्या थडग्यातून सरपटत बाहेर आलेला, एकच डोळा असलेला पोरगा. त्याचा बाप रोगाने सडून गेलाय, पण पोराच्या काळजीने त्याचा एक डोळा तेवढा मागे राहिलाय. त्या डोळ्याला हातपाय फुटले आहेत आणि तो चहाच्या वाटीत बसून आंघोळ करतो.

परदेशाचं सोडाच, या गोष्टीचं पहिलं भाषांतर जपानमध्येच झालं असं मी म्हणेन. १९६० साली ती भाड्याने मिळणाऱ्या पुस्तकांत आली तेव्हा ओंगळ आणि काळीकुट्ट होती. १९६५ मध्ये ती मोठ्या साप्ताहिकात ‘हाकाबा नो कितारो’, म्हणजे ‘स्मशानातला कितारो’ या नावाने आली. टीव्हीवर न्यायची वेळ आली तेव्हा स्मशान नावात असलेल्या कार्यक्रमाला जाहिराती कोण देणार? १९६७ मध्ये नाव बदलून ‘गेगेगे नो कितारो’ झालं आणि जानेवारी १९६८ पासून तो टीव्हीवर दिसू लागला. ‘गेगे’ हे मिझुकीचं लहानपणचं नाव. त्याला ‘शिगेरु’ म्हणता यायचं नाही, म्हणून गेगे. स्मशानाच्या जागी बोबडे बोल आले. भुतांशी लढणारा, मुलांचा लाडका कितारो तो हाच, आणि २०१३ मध्ये इंग्रजीत आलेल्या पुस्तकातही मुख्यतः हाच आहे.

कितारोच्या जगातल्या प्राण्यांना जपानीत योकाई म्हणतात. याला इंग्रजीत काय म्हणायचं? मॉन्स्टर, डेमन, गॉब्लिन, सगळं वापरून झालं. डेमन म्हटलं की ख्रिस्ती नरक येतो, आणि योकाईचा त्याच्याशी काही संबंध नाही. जुनी छत्रीसुद्धा योकाई होऊ शकते. कितारोच्या पुढच्या इंग्रजी खंडांचा भाषांतरकार झॅक डेव्हिसन याने शेवटी शहाणपणाने शब्द तसाच ठेवला आणि पुस्तकात मागे प्रत्येक योकाईची ओळख दिली.

मराठी वाचकाला इथे हसू येतं. आपल्याकडे भूत हा नुसता शब्द नाही, खातं आहे. मुंज झाल्यावर लग्नाआधी गेला तो मुंजा. बाळंतपणात गेली ती हडळ. पाण्यात ओढतो तो गिऱ्हा. समंध, खवीस, झोटिंग, जखीण, कोकणात देवचार, प्रत्येकाचा पत्ता वेगळा, खोड वेगळी. जपानी यादीही अशीच आहे. मिझुकीचा नुरिकाबे घ्या. रात्री वाटेने चालताना पुढे अदृश्य भिंत उभी राहते, काही केल्या पाऊल पडत नाही. काठीने तळाशी फटका मारला की ती जाते, असा तोडगा. मिझुकी सांगायचा की युद्धात जंगलात पळताना त्याला स्वतःला हा भेटला होता. हे वाचून माझ्या तोंडून आपोआप निघालं, अरे हा तर चकवा!

आणि हाच मोह टाळायला हवा. चकवा वाट चुकवतो, गोल गोल फिरवतो. नुरिकाबे वाट अडवतो. शिवाय मिझुकीने त्याला हातपाय असलेली, मिचमिच्या डोळ्यांची भिंत म्हणून काढलंय, आणि ‘चकवा’ लिहिलं की वाचक भिंतीकडे बघून म्हणणार, हा कुठला चकवा? उंदरासारख्या तोंडाच्या लबाड नेझुमी-ओतोकोला मात्र मी डोळे मिटून ‘उंदऱ्या’ म्हणेन. इंग्रजीत ‘रॅट मॅन’ म्हटलं की केप घातलेला महानायक वाटतो. ‘उंदऱ्या’मध्ये त्याचा वास, त्याची उधारी, सगळं आलं.

नावं बदलण्याची फजिती आणि मजा आपण आधी बघितली आहे. इंद्रजाल कॉमिक्सनी १९६४ पासून अमेरिकन लेखक ली फॉकच्या फँटम या मुखवटेवाल्या नायकाची कॉमिक्स भारतात काढली. इथल्या आवृत्तीत त्याचा देश डेंकाली झाला आणि त्याचे शत्रू असलेले ‘सिंग’ समुद्री चाचे ‘सिंगा’ झाले, कारण सिंग आडनावाच्या वाचकाला स्वतःला चाचा म्हणवून घ्यायला कसं आवडेल? मराठीत फँटम झाला वेताळ. हे नाव काय नेमकं बसलं! वेताळ भुतांचा राजा आणि गावचा राखणदारही. सिंधुदुर्गात आरवलीच्या वेतोबाला चामड्याच्या भल्यामोठ्या चपला वाहतात. तो रात्री गावाची राखण करत हिंडतो आणि चपला झिजतात, अशी श्रद्धा. आडरानात राहून अन्यायाचा बंदोबस्त करणाऱ्या मुखवटेवाल्याला याहून चांगलं नाव शोधूनही मिळालं नसतं.

चपलांवरून पाय आठवले. परंपरेतलं जपानी भूत काढतात ते कमरेखाली विरत गेलेलं, बिनपायांचं. आपली हडळ ओळखायची ती उलट्या पायांवरून. जपानी चित्रात बाई उभी आहे, किमोनोखाली धुकं आहे. जपानी पोरगं तिथेच दचकतं. परदेशी वाचकाला वाटतं, चित्रकाराने पाय काढायचा कंटाळा केला. उलट आपल्या चित्रकाराने टाचा पुढे काढल्या तर जपानी वाचक म्हणेल, याला शरीररचना येत नाही. तळटीप देता येते, पण ‘हिला पाय नाहीत म्हणजे ही भूत आहे’ असं खाली लिहून कुणी घाबरतं का? विनोद समजावून सांगितल्यासारखं होतं ते.

फुग्यांबद्दल थोडक्यात. जपानी मजकूर उभा लिहितात, म्हणून फुगे उंच आणि चिंचोळे. त्यात आडवी भाषा बसवायची म्हणजे उभ्या खिशात आडवी पट्टी. देवनागरीत मात्रा-वेलांट्या वर आणि उकार खाली, त्यामुळे दोन ओळींत जागाही जास्त लागते. ‘मुख्याध्यापक’ हा शब्द अशा फुग्यात घालून बघा. तो मधेच तोडावा लागतो आणि शिरोरेषा तुटलेली बघवत नाही. सुदैवाने मराठी पोरं मुख्याध्यापक म्हणतच नाहीत, ‘हेडसर’ म्हणतात. बसला.

राहिला आवाज. जपानी चित्रकार आवाजाची अक्षरं हाताने चित्रातच काढतात. किंकाळी भेगाळलेली, पावलं जड, रक्त ठिबकतं तशी अक्षरंही ठिबकतात. परदेशी आवृत्तीत ती पुसून नवी काढायची तर मागचं चित्रही नव्याने काढावं लागतं, आणि पन्नास वर्षांपूर्वीच्या चित्रकाराच्या रेघेवर दुसऱ्याने रेघ ओढायची हे अवघडच. म्हणून काहीजण मूळ अक्षर ठेवून शेजारी बारीक अर्थ लिहितात. वाचक आधी न कळणारं अक्षर बघतो, मग अर्थ वाचतो. किंकाळी दोन हप्त्यांत ऐकू येते.

कितारो चालतो तेव्हा त्याच्या गेता, म्हणजे लाकडी खडावा, ‘कारान, कोरोन’ वाजतात. हे ठीक, हा खरा आवाज आहे. आपण ‘खट खट’ म्हणू किंवा तसंच ठेवू. पण जपानीत न ऐकू येणाऱ्या गोष्टींनाही आवाज असतात. अंगावर काटा येणं म्हणजे ‘झोकुझोकु’. इंग्रजीला इथे धाप लागते, कारण तिच्याकडे असे शब्द थोडे. मराठी मात्र या बाबतीत जपानीची मावसबहीण शोभेल. काळजात ‘चर्र’ होतं, पोटात ‘धस्स’ होतं, रान ‘किर्र’ असतं, माळ ‘भणाण’ असतो, घर ‘भकास’ असतं. धस्स हा आवाज कुणीही कानाने ऐकलेला नाही, तरी सगळ्यांना माहीत आहे.

किंकाळीत मात्र मराठीचा सापळा आहे. आपण घाबरलो की ‘आई गं’ ओरडतो. उमेझुच्या शाळेतल्या मुलांच्या तोंडी साध्या दचकण्यालाही ‘आई गं’ घातलं की संपलं, कारण त्या गोष्टीत ‘आई’ ही हाक राखून ठेवलेली आहे. भांडून निघालेल्या शोची हाक काळाच्या पलीकडे असलेल्या आईला खरोखर ऐकू जाते, गोष्टीचा सगळा डोलारा त्यावर उभा आहे. तिथे पोहोचेपर्यंत तो शब्द खर्च करून चालणार नाही. इतर वेळी ‘बापरे’, नाहीतर नुसता ‘आऽऽऽ’.

आणि सगळ्यात अवघड अक्षर म्हणजे ‘शीऽऽन’. जपानी कॉमिक्समध्ये हा शांततेचा आवाज. रिकाम्या खोलीवर, ओसाड रस्त्यावर, मोठ्या लांबट अक्षरांत काढलेला. इंग्रजीत कधी ‘सायलेन्स’ असं लिहितात, म्हणजे खोलीला पाटी लावल्यासारखं. मी माझ्या प्रतीवर पेन्सिलीने मराठी लिहून बघत होतो. ‘किर्र’ चालत नाही, त्यात रातकिडे आले. ‘शुकशुकाट’ला बाजारपेठ लागते. ‘सामसूम’ लिहिलं तर भाचा खो खो हसला. दोन भावांची नावं वाटतात म्हणे. शेवटी ‘सुऽऽन्न’ लिहिलं. मूळ आवाजाच्या जवळचं, अर्थही जमला.

भाचा बराच वेळ त्या चौकटीकडे बघत बसला. “पण मामा, आवाजच नाहीये तर लिहायचं कशाला?”

जपानी मुलांना ते ऐकू येतं, असं मी म्हणालो.

त्याने कान देऊन ऐकलं. मग म्हणाला, “आधी पंखा बंद कर.”